कचेरी

ऐप्पसी महिना संपत येतो तेव्हा महाराष्ट्रातला पाऊस आपला पसारा आवरून केव्हाच गेलेला असतो. दिवाळी उलटलेली असते, सकाळी हवेत गारवा जाणवू लागतो. कुंभकोणमला मात्र पावसाचे खरे दिवस याच वेळी येतात. महाराष्ट्र ज्याला परतीचा पाऊस म्हणून निरोप देतो, त्याच्या मागोमाग वारा दिशा बदलतो, बंगालच्या उपसागरावरचा ओलावा उचलतो आणि ईशान्येकडून कावेरीच्या खोऱ्यात शिरतो. उत्तरेला कावेरी, दक्षिणेला अरसलार आणि मध्ये देवळांनी व तलावांनी भरलेले हे गाव. एकदा पावसाने धरले की गोपुरांवरच्या मूर्ती दिवसभर निथळत राहतात आणि रस्त्यावरचे दुकानदार दुपारीही दिवे लावून बसतात.

अशाच एका गुरुवारी त्याच्या रजेचा शेवटचा दिवस उजाडला. वय अठ्ठावन्न, चेन्नैतल्या एका सरकारी हिशेब खात्यात नोकरी, निवृत्तीला दोन वर्षे बाकी. वर्षातून दोनदा आईकडे येऊन राहायचे, घराची डागडुजी करायची, औषधे भरून ठेवायची आणि रात्रीच्या गाडीने परतायचे, हा त्याचा अनेक वर्षांचा क्रम. आईचे वय चौऱ्याऐंशी. तिने चेन्नैला यावे ही गोष्ट दर खेपेस निघे आणि दर खेपेस ती तुळशीला पाणी घालण्याच्या निमित्ताने उठून जाई.

सकाळी कॉफी देताना तिने विचारले, "कचेरी किती वाजता?"

"सहाला," तो म्हणाला.

"इतक्या लवकर?"

मग दोघांच्याही लक्षात आले. ती दुसऱ्या दिवसाच्या कामाविषयी विचारत होती आणि तो त्या संध्याकाळच्या गाण्याविषयी सांगत होता. मराठीत कचेरी म्हणजे सरकारी कामकाजाची जागा. तमिळमध्येही हा शब्द त्या अर्थाने आहे. तालुका कचेरी म्हणणारी माणसे तिकडे अजून भेटतात आणि चेन्नैच्या मैलापूर भागात कचेरी रोड नावाचा रस्ता आहे. पण आज तमिळ माणूस कच्चेरी म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे येतात गायक, व्हायोलिन आणि मृदंगम्. दरबारात कागद वाचले जात आणि गाणेही होई. एका शब्दाला हे दोन अर्थ त्या एकाच बैठकीत मिळाले असावेत. घरात मराठी आणि रस्त्यावर तमिळ बोलणाऱ्या या मायलेकांना तो शब्द दोन्ही अर्थांनी ओळखीचा होता, आणि असा घोटाळा त्यांच्या घरात नवा नव्हता.

कामांची यादी आईने सांगितली, त्याने लिहून घेतली. आईचा हयातीचा दाखला, रस्समच्या पितळी भांड्याला कल्हई, ताजी दळलेली कॉफी, कोवळी विड्याची पाने. सांगणे मराठीत आणि लिहिणे तमिळ लिपीत, हे इतक्या वर्षांच्या सवयीने चालले होते की त्यात काही वेगळे आहे असे दोघांनाही वाटले नाही. देवनागरी त्याला येत होती. शाळकरी वयात हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या. पण मराठी ही त्याच्या दृष्टीने ऐकण्याबोलण्याची भाषा होती. लिहिण्याचे प्रसंग येत ते तमिळमध्ये किंवा इंग्रजीत.

दाखल्यासाठी आईला रिक्षातून बँकेत न्यायचे होते. वडील रेल्वेत होते. त्यांच्या मागे तिला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी ती जिवंत असल्याचे दरवर्षी सिद्ध करावे लागे. रिक्षा दबीर स्ट्रीटच्या तोंडाशी थांबली. पुढे पाणी साचले होते. पाटीवरचे ते नाव तमिळ अक्षरांत होते आणि त्याचा अर्थ रिक्षावाल्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. दबीर म्हणजे राज्याचा पत्रव्यवहार पाहणारा अधिकारी. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला सुमंत तो हाच. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापन केले, आणि फौजेबरोबर चिटणीस, फडणीस, दबीरही आले. मराठी या मुलखात आली ती प्रथम कामाची भाषा म्हणून. जमाखर्च, इनामपत्रे, देवस्थानांचे हिशेब, राजवाड्यातली रोजची खरेदी हे सारे मोडीत लिहिले गेले. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले कुळाचा इतिहास कोरविला तोही मराठीत. ज्या भाषेत राज्य आपला हिशेब आणि आपला इतिहास लिहिते, तिला आपल्या हयातीची चिंता करण्याचे कारण नसते.

१८५५ मध्ये दुसरा शिवाजी पुरुष वारस न ठेवता वारला आणि राज्य गेले. लिहिणारी घराणी मात्र राहिली. त्यांनी इंग्रजी शिकून घेतली आणि दुसरीकडे कचेऱ्या शोधल्या. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच जन्मले. त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून गेले, १८५७ मध्ये तिथले दिवाण झाले, पुढे इंदूर आणि मग १८७५ ते १८८२ बडोदे. त्यांचे आप्त रघुनाथराव इंदूरचे दिवाण झाले. व्ही. पी. माधवराव याच गावच्या सरकारी कॉलेजात शिकले आणि त्रावणकोर, म्हैसूर, बडोदे अशा तीन संस्थानांचा कारभार त्यांनी पाहिला. कुंभकोणमच्या मराठी माणसाने अशा रीतीने अर्ध्या हिंदुस्थानचे दफ्तर सांभाळले. त्या दफ्तराची भाषा आता इंग्रजी होती. मराठी घरी राहिली, बायकांबरोबर, स्वयंपाकघरात आणि देवघरात. शेजारीपाजारी या घरांना अजून 'रायर' म्हणतात. ते नाव जुन्या अधिकाराचे, पण उच्चारताना त्यात आता फक्त आपुलकी असते.

बँकेत यंत्राने आईचा अंगठा ओळखला नाही. तीनदा पुसून, तीनदा टेकवून पाहिला. साठपासष्ट वर्षे रगड्यावर वाटण केलेल्या आणि रोज पहाटे तांदळाच्या पिठाने कोलम् काढलेल्या त्या बोटांवर रेषा फारशा उरल्या नव्हत्या. खिडकीतल्या मुलीने मग मोबाइल आईच्या चेहऱ्यासमोर धरला आणि डोळे मिटून उघडायला सांगितले. तमिळ सूचना आईला समजली होतीच, तरी तिने मुलाकडे पाहिले. त्याने ती मराठीत सांगितली. तिने डोळे मिटले, उघडले. क्षणभराने पडद्यावर एक क्रमांक उमटला. येत्या वर्षापुरती ती हयात असल्याचे ठरले.

आईला घरी सोडून तो एकटाच पुढच्या कामांना निघाला. कुंभेश्वराच्या देवळाजवळच्या भांड्यांच्या दुकानात कल्हईचे भांडे दिले. कारागिराने पावसाकडे पाहून तासभर लागेल असे सांगितले. कॉफीच्या दुकानात बिया डोळ्यांदेखत दळून घेतल्या, पानाच्या टोपलीवरून ओले गोणपाट बाजूला सारून म्हातारीने पाने मोजून दिली. मग पाऊस वाढला आणि तो सारंगपाणी सन्निधी स्ट्रीटवर एका ओटीखाली उभा राहिला. समोर अकरा मजल्यांचे गोपुर धुरकट झाले होते. त्याच रस्त्यावर थोडे पुढे श्रीनिवास रामानुजनचे जुने घर आहे. एका विद्यापीठाने ते जतन केले आहे. शाळेची मुले सहलीला येतात, आतली अरुंद खोली आणि खिडकी पाहतात व बाहेर पडतात.

त्या खिडकीची कथा सर्वांना ठाऊक असते. त्यातला कारकून मात्र सहसा विसरला जातो. याच गावच्या कॉलेजात गणिताखेरीज इतर विषयांकडे दुर्लक्ष केल्यामुळे रामानुजनची शिष्यवृत्ती गेली. १ मार्च १९१२ रोजी तो मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा तीस रुपयांवर कारकून म्हणून लागला आणि पुढच्या जानेवारीत त्याने केंब्रिजच्या हार्डीला पत्र लिहिले तेव्हा स्वतःची ओळख हिशेब खात्यातला कारकून अशीच करून दिली. ओटीखाली उभ्या असलेल्या माणसाने आपली तुलना रामानुजनशी करण्याचा वेडेपणा केला नसता. पण तोही हिशेब खात्यातच होता. माणसाच्या पोटाचे काम एका वहीत आणि जिवाचे काम दुसऱ्या वहीत असू शकते, एवढे त्याला त्या घराकडे पाहताना कळे. आपली दुसरी वही कोणती, हे मात्र कधी सांगता आले नव्हते.

दुपारी जेवायला रसवांगी आणि डांगर पचडी होती. जेवण झाल्यावर आई झोपाळ्यावर बसली आणि त्याने गेल्या खेपेस तंजावरहून आणलेले पुस्तक उघडले. १९१८ पासून सर्वांना खुल्या असलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयाने आपल्या संग्रहातली अनेक मराठी हस्तलिखिते छापली आहेत. हे त्यांपैकीच एक, सरफोजीराजांचे 'देवेंद्र कुरवंजी'. कुरवंजी हा मूळचा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेकडे डोंगरातली कुरव जमातीची स्त्री येते, आपल्या मुलखाचे वर्णन करते आणि हात पाहून भविष्य सांगते. सरफोजीराजांनी हा साचा घेतला आणि त्यात भूगोल भरला. त्यांची कुरवंजी पृथ्वीवरचे खंड, देश आणि समुद्र यांची माहिती सांगते.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तंजावरचा उल्लेख बहुधा अपवाद म्हणून येतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीला केलेल्या 'सीतास्वयंवरा'पासून मराठी रंगभूमीची गणना करायची आणि १६८४ ते १७१२ या काळात राज्य केलेल्या शहाजीराजांच्या 'लक्ष्मीनारायणकल्याण' या नाटकाची नोंद तळटीपेत करायची, अशी प्रथा आहे. १८०६ मध्ये तंजावरला इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापला गेला, हेही असेच ओघात सांगितले जाते. पण कुंभकोणमच्या त्या माडीवर पावसाच्या आवाजात ते पुस्तक वाचणाऱ्याला अपवाद आणि नियम यांच्याशी कर्तव्य नव्हते. त्याची अडचण साधी होती. अक्षरे ओळखीची होती, वाचायचा वेग मात्र दुसरीतल्या मुलाचा होता. तो एकेक शब्द मोठ्याने वाचत होता आणि अर्थासाठी थांबत होता.

आई देवनागरी शिकलेली नव्हती. ती डोळे मिटून ऐकत होती. एका शब्दापाशी तो अडला, दोनदा चुकीचा तोडून वाचला. तेव्हा तिने डोळे न उघडता तो शब्द नीट जोडून म्हटला आणि अर्थ सांगितला. तिची आजी तो शब्द नेहमी वापरी, असे म्हणाली. पुढल्या पानावरही तसेच झाले. त्याच्याजवळ लिपी होती, तिच्याजवळ शब्द होते. दोघे मिळून एका राजाने लिहिलेला भूगोल वाचत होती आणि एकट्याला कोणालाही तो पुरता वाचता आला नसता. चारच्या सुमारास त्यांनी पुस्तक मिटले तेव्हा पाच पाने झाली होती.

संध्याकाळच्या कचेरीला तीसेक माणसे आली होती. एका लग्नमंडपात महिन्यातून एकदा ही बैठक भरे. पावसाने पत्र्यावर ताल धरला होता, ओल्या छत्र्यांची रांग दाराशी निथळत होती. हवेतल्या ओलाव्याने मृदंगमची कातडी पुन्हा पुन्हा उतरत होती आणि वादक दर दोन कृतींमध्ये कडेवर दगडाचे ठोके देऊन ती चढवीत होता. गाणारी मुलगी तरुण होती. शेजारी बसलेला वृद्ध गृहस्थ हसून म्हणाला, आज हिने अमृतवर्षिणी गाऊ नये म्हणजे झाले. मुत्तुस्वामी दीक्षितरांनी हा राग गाऊन एट्टयपुरमला पाऊस पाडला अशी आख्यायिका आहे. ती सांगणे आणि तिच्यावर विनोद करणे, दोन्ही त्या भागातल्या रसिकांच्या अंगवळणी पडले आहे. दीक्षितर, त्यागराज आणि श्यामा शास्त्री तिघेही तिरुवारूरचे, आणि तिघांचेही जन्म तंजावरच्या भोसले काळातले.

मुख्य कृती झाली, तनि आवर्तनम् झाले आणि शेवटच्या हलक्या रचनांत तिने एक अभंग घेतला. कर्नाटक संगीताच्या कचेरीत आता याचे नवल वाटत नाही. कुंभकोणमच्या परिसरातल्या मठांनी जी भजनपद्धती घडविली, तिच्यात संस्कृत, तेलुगू व तमिळ पदांबरोबर मराठी अभंग आहेतच. एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातून आलेल्या कीर्तनकारांचे ऐकून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला जे रूप दिले, त्यात साकी, दिंडी, ओवी हे मराठी छंद त्याच नावांनी रुजले. मुलगी गात होती. तिचा 'ळ' निर्दोष होता, कारण तो तमिळचाही आहे. महाप्राण मात्र पुसट होत होते. भचा ब होत होता, घचा ग.

सभागृहात मराठी मातृभाषा असलेला बहुधा तो एकटाच होता. पहिली ओळ त्याने ओळखली आणि त्याला बरे वाटले. दुसरी ओळ त्याला येत नव्हती. शेजारचा वृद्ध मात्र मांडीवर ताल धरून चारही चरण पुटपुटत होता, मुलीच्या अर्धी मात्रा आधी. त्याच्या हातात एक जुनी वही होती, आणि तिच्यात तमिळ अक्षरांत लिहिलेले अभंगच अभंग.

मंगलम् झाल्यावर त्या गृहस्थाने वही पुढे केली. "रायर, तुमची भाषा ना ही? चाळीस वर्षे म्हणतोय. या तिसऱ्या ओळीचा अर्थ सांगा." त्याने सांगितला. मग त्याने पुढल्या ओळीतला एक शब्द दाखवला. तो शब्द त्याला ठाऊक नव्हता, आणि तसे त्याने सांगून टाकले. वृद्धाला वाईट वाटले नाही. त्याने वही उजेडात धरली आणि ते पान मोबाइलमध्ये टिपून घेऊ दिले.

एखादी भाषा एका प्रदेशात जिवंत आहे किंवा नाही, याचा दाखला कोणी कोणाकडे मागावा? तंजावरच्या मोडी कागदांचे तमिळ भाषांतर तमिळ विद्यापीठाने खंडाखंडांतून प्रसिद्ध केले आहे. म्हणजे मराठीचे एके काळचे कचेरीतले काम आता तमिळमधून वाचावे लागते. घरातली पुढची पिढी घरातही इंग्रजीकडे वळते आहे. चेन्नैतली त्याची मुलगी आजीचे बोलणे समजून घेते आणि उत्तर तमिळमध्ये देते. खानेसुमारीच्या रकान्यात ही भाषा अंगठ्याच्या झिजलेल्या रेषांसारखी असणार, दोनतीनदा टेकवूनही यंत्राने न ओळखण्याजोगी. आणि तरी त्या पावसाळी संध्याकाळी ती गायली गेली, दुपारी वाचली गेली, सकाळी तिच्यात यादी झाली. एकाकडे तिचे शब्द, दुसऱ्याकडे तिची लिपी, तिसऱ्याकडे तिचे गाणे. वाटणी झालेल्या घरासारखी तिची अवस्था होती. पण वाटणी झालेल्या घरातही चूल पेटते. कामातून निवृत्त झालेली भाषा गाण्यात राहू शकते, हे या गावाने तो एक शब्द वापरता वापरता कधीचेच मान्य केले होते. ती किती काळ राहील, हे गाणाऱ्यांवर जितके अवलंबून आहे तितकेच, गाताना कुठे भ आणि कुठे ब हे सांगू शकणाऱ्यांवरही आहे.

रात्री घरून निघताना आईने पानाचा विडा हातात ठेवला. शेजारची मुलगी सोबतीला झोपायला आली होती. पाऊस ओसरला होता. गाडी अर्धा तास उशिरा आली. खालच्या बाकावर पिशव्या लावून झाल्यावर त्याने रोजनिशी काढली, मोबाइलवरचे पान उघडले आणि तो अभंग देवनागरीत उतरवू लागला.

काम वाटले होते तितके सोपे नव्हते. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींना एकच अक्षर. तीच गत त-वर्गाची आणि प-वर्गाची. वहीच्या मालकाला चाल पाठ होती, म्हणून त्याला त्या अक्षरांत अडचण नव्हती. पण कागदावर ती ओळ मराठी करायची, तर दर अक्षराशी थांबून निवड करावी लागत होती. ती निवड त्याला करता येत होती. अर्थ माहीत नसलेल्या ठिकाणीही जीभ कुठे वळायची ते सांगत होती. त्याला जे शिकवले आहे असे त्याला कोणी कधी सांगितले नव्हते, ते त्याला येत होते. एकेका ओळीवर शिरोरेषा ओढीत, तो मयिलाडुतुरै येईपर्यंत तीन चरणांपर्यंत पोचला.

चौथ्या चरणात तो थांबला. वृद्धाने विचारलेला तोच शब्द. गही बसत होता आणि घही. अकरा वाजून गेले होते. तरी त्याने घरी दूरध्वनी केला. आई जागीच होती. त्याने ओळ वाचून दाखवली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने तो शब्द स्वच्छ, घ चा घ करून, दोनदा म्हटला आणि त्याचा अर्थ सांगितला.

त्याने अक्षर पुरे केले.

"उद्या कचेरी किती वाजता?" तिने विचारले.

"दहाला," तो म्हणाला.